वेगवान नौकेतील झटका-शोषक आसन : बसवणुकीचे यांत्रिकी आणि धातुक्षरणाचा प्रश्न

प्रस्तावना

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होडी, मचवा, पडाव ही जलवाहने लाकडाची आणि वेगाने संथ होती. लाट आली की नाळ वर चढे, लाट सरली की खाली उतरे. तांडेलाच्या कंबरेस त्याचा फारसा उपद्रव होत नसे. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र या किनाऱ्यावरील नौकांचे स्वरूप पालटले आहे. २००५ साली केंद्र शासनाने किनारी सुरक्षा योजना मंजूर केली आणि तिच्या पहिल्या टप्प्यात किनारी राज्यांच्या पोलीस दलांना २०४ नौका मिळाल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर समुद्रातील गस्त वाढली. जलक्रीडा व पर्यटन व्यवसायातही वेगवान नौका आल्या. ताशी तीस नॉट, म्हणजे सुमारे पंचावन्न किलोमीटर वेगाने जाणारी नौका लाटेवर चढत नाही. ती लाटेवरून उडते आणि पुढच्या लाटेवर आदळते. हा आघात डेकमधून आसनात व आसनातून चालकाच्या मणक्यात पोहोचतो.

या आघातावरील उपाय म्हणून झटका-शोषक आसने, म्हणजेच सस्पेन्शन सीट, वापरात आली आहेत. त्यांविषयीची चर्चा बहुधा आसनाच्या किमतीपाशी आणि आरामापाशी थांबते. आसन डेकला ज्या चार-सहा बोल्टांनी धरलेले असते, त्या बोल्टांचे पुढे काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय प्रामुख्याने हाच आहे. आसनाची बसवणूक हे जितके यांत्रिकीचे काम आहे, तितकेच ते विद्युत-रसायनशास्त्राचेही काम आहे, आणि दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष झाले तर पहिल्या बाजूवर केलेला सर्व खर्च पाण्यात जातो.

या विषयाकडे लक्ष वळण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी अॅल्युमिनियमच्या एका गस्ती नौकेवर चालक आहे. वयाच्या पस्तिशीतच त्याची कंबर धरू लागली. पुढे त्या नौकेवर नवे झटका-शोषक आसन बसवले गेले आणि त्याला बराच आराम पडला. दोन पावसाळे गेल्यावर तो भेटावयास आला, तेव्हा म्हणाला, "सर, कंबर सुधारली, पण आता सीटच हलते. रसायनशास्त्र तुम्ही शिकवता, एकदा येऊन बघा." आसन उतरवले तेव्हा चारांपैकी एक बोल्ट नटासह सहज हातात आला, दोन बोल्ट अडकून बसल्याने कापावे लागले आणि चौथ्या बोल्टाभोवतीचे डेकचे भोक लांबट अंड्याच्या आकाराचे झालेले दिसले. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे होते व बाहेरून जवळजवळ चकचकीत होते. झीज झाली होती ती डेकची. भोकाभोवती पांढऱ्या भुकटीचा थर साचला होता. बोल्ट चांगल्या प्रतीचे वापरले असताना असे का व्हावे, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

झटक्याचे गणित

प्रथम आसनाचे कार्य समजून घेऊ. नौका एक मीटर उंचीवरून खाली आली असे मानले, तर पाण्याला टेकताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. बसलेल्या माणसाला या वेगापासून शून्यावर यावे लागते. तो किती अंतरात शून्यावर येतो, यावर सर्व काही अवलंबून असते. साधी फोमची गादी पाच सेंटिमीटर दबली, तर सरासरी त्वरण गुरुत्व त्वरणाच्या वीसपट येते. तेच आसन वीस सेंटिमीटर खाली जाऊ शकले, तर ते पाचपटीवर येते. प्रत्यक्षात नौकेचा तळ पाण्यात शिरताना काही वेग आधीच कमी होतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. मात्र अंतर चौपट केले की त्वरण एक-चतुर्थांश होते, हे प्रमाण कायम राहते.

तथापि केवळ स्प्रिंग लावून हे साधत नाही. स्प्रिंग घेतलेली ऊर्जा परत करते. माणूस वर फेकला जातो आणि तो खाली येत असताना पुढची लाट नौकेला वर ढकलत असते. म्हणून स्प्रिंगच्या जोडीला अवमंदक लागतो. तो ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. शिवाय आसन बसणाऱ्याच्या वजनानुसार जुळवून घ्यावे लागते. हलक्या माणसाला ताठर स्प्रिंग दबतच नाही, तर वजनदार माणसाखाली मऊ स्प्रिंग तळाला टेकते आणि टेकण्याच्या त्या क्षणी बसणारा झटका साध्या आसनापेक्षाही तीव्र असू शकतो. पाळीपाळीने चालक बदलणाऱ्या नौकेवर वजनाची ही मूठ कोणी फिरवतो का, हे पाहण्यासारखे आहे. आम्ही पाहिलेल्या नौकेवर ती मिठाने घट्ट बसली होती.

मानवी पाठीच्या कण्याची उभ्या दिशेतील स्वाभाविक कंप्रता साधारण चार ते सहा हर्ट्‌झ असते व त्या कंप्रतेच्या आसपासची कंपने शरीरात वाढून पोहोचतात. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या कंपनविषयक निर्देशात संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनासाठी आठ तासांच्या मानाने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग हे कृतिमूल्य आणि १.१५ हे कमाल मूल्य ठरवून दिले आहे. ब्रिटनने २००७ मध्ये तेच नियम व्यापारी जहाजे व मासेमारी नौकांना लागू केले. अमेरिकन नौदलाच्या आरोग्य संशोधन केंद्राने २००० साली वेगवान नौकांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा दुखापतींत कंबरेचा क्रमांक पहिला आणि त्याखालोखाल गुडघा व खांदा यांचा होता. ब्रिटनमधील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या जीवरक्षक संस्थेने २०१३ पासून सेवेत आणलेल्या 'शॅनन' वर्गाच्या नौकांवर झटका-शोषक आसने दिलेली आहेत. म्हणजे असे आसन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही.

आता डेककडे वळू. उभा झटका आसनाच्या पायाला डेकवर दाबतो. त्यात बोल्टांना फारसे काम नसते. खरा ताण पडतो तो नौका तिरकी आदळते तेव्हा. माणूस व आसनाचा वरचा भाग मिळून १२० किलो वस्तुमान धरू. ते डेकपासून ७० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि आडव्या दिशेने गुरुत्वाच्या दुप्पट त्वरण आले, असे समजू. बोल्टांच्या दोन रांगांत ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर एका रांगेवर सुमारे ५५०० न्यूटन, म्हणजे दोन बोल्टांपैकी प्रत्येकावर साधारण २८० किलो भाराइतकी ओढ येते. क्षणात ती उजवीकडे, तर क्षणात डावीकडे. एका तासात असे शेकडो झटके बसू शकतात. निरोगी बोल्ट व निरोगी डेक हे सहज पेलतात. परंतु भोक अर्ध्या मिलिमीटरने जरी सैल झाले, तरी बोल्टाचा ताण जातो, आसन ठोकर देऊ लागते आणि भोक अधिकच रुंदावते. आमच्या विद्यार्थ्याच्या आसनाखाली हेच घडले. आरंभ मात्र यांत्रिकीने झालेला नव्हता.

दोन धातू आणि खारे पाणी

पदवीच्या वर्गात आपण डॅनिअल घट शिकवतो. जस्त व तांबे, दोन पात्रे, मधे क्षारसेतू. विद्यार्थी आकृती काढतात, गुण मिळवतात आणि विसरतात. नौकेच्या डेकवरचा प्रत्येक बोल्ट हा असाच घट आहे, हे क्वचितच सांगितले जाते. तेथे क्षारसेतूऐवजी बोल्टाच्या फटीत शिरलेले समुद्राचे पाणी असते, आणि दोन धातूंना जोडणारी तार लागतच नाही, कारण ते एकमेकांना घट्ट चिकटलेलेच असतात.

समुद्राच्या पाण्यात, कॅलोमेल संदर्भ विद्युदग्राच्या तुलनेत, जस्ताचे विभव सुमारे उणे १.० व्होल्ट, अॅल्युमिनियमच्या सागरी मिश्रधातूंचे उणे ०.७५ ते ०.९, साध्या पोलादाचे उणे ०.६, तांब्याचे उणे ०.३५ च्या आसपास आणि निष्क्रिय अवस्थेतील ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे शून्याच्या जवळ असते. म्हणजे अॅल्युमिनियमचा डेक व स्टेनलेसचा बोल्ट यांच्यात पाऊण व्होल्टचा फरक पडतो. या घटात अॅल्युमिनियम हा अॅनोड होतो व विरघळतो. बोल्टाच्या पृष्ठभागावर पाण्यातील ऑक्सिजनचे क्षपण होते व बोल्ट सुरक्षित राहतो. ऑक्सिजनच्या क्षपणातून हायड्रॉक्साइड तयार होते आणि अॅल्युमिनियम हा उभयधर्मी धातू असल्याने त्या अल्कधर्मी पाण्यातही झिजतो. तयार होणारी पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. मूळ धातूपेक्षा ती अधिक जागा व्यापते, रंगाचा पापुद्रा उचलते आणि बोल्टाला भोकात आवळून टाकते. चौथे भोक रुंद होत असताना शेजारचे दोन बोल्ट अडकून का बसले, याचा उलगडा येथे होतो. कारण एकच होते. एकीकडे भुकटी झटक्यांनी निखळून गेली होती, दुसरीकडे ती आत कोंडून राहिली होती.

येथे कोणी क्षेत्रफळाच्या नियमाची आठवण करून देईल. अॅनोड मोठा व कॅथोड लहान असेल तर झीज विस्तृत क्षेत्रावर वाटली जाते. लहान बोल्ट व मोठा डेक ही स्थिती त्यामुळे फारशी धोक्याची नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पाण्यात पूर्ण बुडालेल्या धातूंबाबत ते खरे आहे. डेकवर मात्र पाण्याचा पातळ थर बोल्टाच्या डोक्याभोवती व फटीतच टिकतो. विद्युतप्रवाह त्या चिंचोळ्या थरातून दूरवर जाऊ शकत नाही. परिणामी सर्व झीज भोकाच्या कडेच्या काही मिलिमीटरांत एकवटते, आणि नेमकी तीच जागा आसनाचा भार पेलत असते.

स्टेनलेस स्टीलही सर्वथा निष्कलंक नाही. त्याचे रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो टिकण्यास ऑक्सिजन लागतो. बोल्टाच्या डोक्याखाली, ओल्या व कोंदट फटीत ऑक्सिजन संपतो, क्लोराइड साचते, पाणी आम्लधर्मी होते आणि वरून चकचकीत दिसणारा बोल्ट मानेपाशी खड्डे पडून तुटतो. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने ती ३०४ पेक्षा हा हल्ला अधिक काळ सोसते. आपल्याकडे दुकानात 'एस.एस. बोल्ट' एवढेच मागितले जाते आणि मिळेल तो घेतला जातो. चुंबक लावून या दोन प्रती वेगळ्या ओळखता येत नाहीत. प्रमाणित बोल्टाच्या डोक्यावर ए२ अथवा ए४ अशी खूण असते. ए४ ही ३१६ च्या गटाची. खूण नसलेला बोल्ट आसनासाठी न घेणेच बरे.

अठराव्या शतकातील एक धडा

दोन धातूंच्या या वैराचा अनुभव नवा नाही. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यापासून संरक्षण व्हावे म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. खिळे लोखंडाचे होते. वेस्ट इंडीजच्या सफरीनंतर १७६३ मध्ये तपासणी झाली, तेव्हा तांबे चांगल्या स्थितीत होते, परंतु अनेक ठिकाणी लोखंडी खिळे खाऊन गेल्याने पत्रा सुटला होता. काही खिळे मात्र शाबूत राहिले होते. शोध घेता असे आढळले, की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांखाली चुकून तसाच राहिला होता. विद्युत-रासायनिक घटाचा शोध लागण्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ आधी, एका कागदाच्या कपट्याने दोन धातूंमधील संपर्क तोडला होता. आसनाखालील प्लास्टिकचे वॉशर हे त्याच कागदाचे आजचे रूप होय.

१८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी उलट दिशेने विचार केला. तांब्याला जस्ताचे अथवा लोखंडाचे तुकडे जोडून त्यांनी तांब्याचे रक्षण केले. तांबे वाचले, पण ते विरघळेनासे झाल्याने त्याचा विषारी प्रभाव गेला आणि तळावर शेवाळ व शिंपले वाढू लागले. आज नौकांच्या तळाला लावले जाणारे जस्ताचे ठोकळे हे त्याच प्रयोगाचे वारस आहेत.

या ठोकळ्यांबाबत एक गैरसमज फार रूढ आहे. "तळाला झिंक आहे, मग डेकची काळजी नको," असे अनेक जाणकारही म्हणतात. बलिदानी अॅनोडचे संरक्षण केवळ त्याच पाण्यात बुडालेल्या धातूला मिळते. डेकवरच्या बोल्टाच्या फटीत तुषारांचे जे पाणी असते, त्याचा तळाच्या समुद्राशी संबंध नसतो. त्यामुळे तेथे अॅनोड शेकडो असले तरी व्यर्थ. डेकवर उपाय एकच, तो म्हणजे धातू एकमेकांपासून व पाण्यापासून दूर ठेवणे.

बसवणुकीची रीत

आसनाची जागा ठरवताना चालकाचा हात सुकाणूपर्यंत पोहोचतो का, हे आपण पाहतो. त्याआधी डेकच्या खाली काय आहे ते पाहावे. अनेक नौकांत तेथे इंधनाची टाकी किंवा तारांचा गठ्ठा असतो, आणि ड्रिल लावल्यावर ते कळणे बरे नव्हे. शक्यतो आसनाचा पाया खालच्या आडव्या चौकटीवर यावा. तसे जमत नसेल तर डेकच्याच मिश्रधातूची जाड पट्टी खालून आधाराला द्यावी. सागरी अॅल्युमिनियमसाठी ती बहुधा ५०८३ प्रतीची असते. आधारासाठी ताम्रक्षारांनी प्रक्रिया केलेले प्लायवूड वापरण्याचा मोह टाळावा. ओले झाले की त्यातील तांबे पाझरते आणि अॅल्युमिनियमला खाते.

भोक बोल्टापेक्षा मोठे पाडून त्यात अॅसिटल या प्लास्टिकची नळी बसवावी व पायाखाली आणि नटाखाली त्याच पदार्थाचे किंवा काच-इपॉक्सीचे वॉशर घालावे. नायलॉन स्वस्त मिळते, परंतु ते पाणी शोषून फुगते आणि सततच्या दाबाखाली हळूहळू पसरते, त्यामुळे बोल्टाचा ताण उतरतो. प्लास्टिकवर थेट नट आवळू नये. वर रुंद स्टेनलेस वॉशर द्यावे. केवळ डोक्याखाली वॉशर घालून नळी विसरणे, ही सर्वांत नेहमीची चूक आहे. बोल्टाचा दांडा भोकाच्या कडेला टेकला की विद्युतसंपर्क झालाच. काम संपल्यावर मल्टिमीटरची दोन टोके बोल्ट व डेक यांना लावून रोध मोजावा. जोडणी कोरडी असताना तो शून्याजवळ आला, तर कोठेतरी धातू धातूला टेकलेला आहे. आपल्या कोणत्याही भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत हे उपकरण आहे व ही चाचणी दोन मिनिटांची आहे. ती केली गेल्याचे मात्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

फटी भरण्यासाठी पॉलियुरेथेन किंवा पॉलिसल्फाइड सीलंट पायाच्या संपूर्ण तळाला लावावे. नुसते कडेने फिरवलेले सीलंट कालांतराने एका ठिकाणी सुटते, पाणी आत घेते आणि बाहेर सोडत नाही. त्यापेक्षा उघडी फट परवडली. बोल्टाच्या आट्यांना ग्रॅफाइटयुक्त किंवा तांब्याची भुकटी असलेले ग्रीस कदापि लावू नये. गॅरेजमध्ये ते सहज मिळते आणि मोटारीला चालतेही, परंतु ग्रॅफाइट हे या विभवमालेच्या अगदी वरच्या टोकाला आहे. अॅल्युमिनियमशेजारी ते ठेवणे म्हणजे घटात नवा कॅथोड भरणे होय.

फायबरच्या नौकेत डेक झिजत नाही, पण तेथे वेगळी व्यथा आहे. डेकच्या दोन थरांत बाल्सा लाकूड किंवा फोम असतो. उघड्या भोकातून पाणी शिरले की बाल्सा कुजतो आणि आवळलेला बोल्ट डेकला चेपतो. भोक आतून कोरून इपॉक्सीने भरावे, ते सुकल्यावर त्या घट्ट गाभ्यात पुन्हा योग्य मापाचे भोक पाडावे.

देखभाल

स्प्रिंग उच्च-कार्बन पोलादाची व लेपित असते. पोलादाला हवेत एक थकवा-मर्यादा असते. त्याखालील ताण कितीही वेळा आला तरी ते मोडत नाही. खाऱ्या पाण्यात ही मर्यादाच उरत नाही. लेपाचा टवका उडाला, तेथे खड्डा पडला, की त्या खड्ड्यातून तडा चालू होतो. म्हणून दर फेरीनंतर गोड्या पाण्याने आसन धुवावे, मात्र पंपाचा जोरदार झोत सांध्यांवर मारू नये, कारण तो मीठ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो. टवका दिसताच त्याच दिवशी रंग लावावा. नवीन बसवणुकीनंतर पहिल्या आठवड्यात व पुढे दर तीन महिन्यांनी टॉर्क पान्याने बोल्टांचा ताण तपासावा, आणि वर्षातून एकदा एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून पाहावा. बाहेरून पाहून आतले कळत नाही, हे आमच्या विद्यार्थ्याच्या चकचकीत बोल्टांनी दाखवलेच आहे.

त्याच्या नौकेवर जुनी भोके सोडून आसन थोडे पुढे सरकवण्यात आले. खालून ५०८३ ची पट्टी, ए४ खुणेचे बोल्ट, अॅसिटलच्या नळ्या असे सर्व ऑक्टोबरमध्ये झाले. मल्टिमीटरची चाचणी तिसऱ्या प्रयत्नात उतरली. एका नळीची कड कापताना तिरकी गेली होती. पुढच्या मे महिन्यात नौका दुरुस्तीसाठी वर काढली, तेव्हा त्याने उजव्या बाजूचा मागचा बोल्ट काढून दाखवला. पहिल्या अर्ध्या फेऱ्यानंतर तो बोटांनी फिरला. भोकाची कड जशीच्या तशी होती आणि स्टेनलेस वॉशरच्या काठाला मिठाची एक बारीक रेघ होती, ती त्याने अंगठ्याने पुसली.